उडालेला ळ

गुन्हेगार मी होतो, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. रहस्यकथेत असं सांगणं म्हणजे वाचकाचा विश्वासघात. पण त्या दहा दिवसांत मी जेवढा ताण सोसला तेवढा पुरे झाला. तुम्हाला कशाला द्या.

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. मी, दिनकर कोगेकर, तेव्हा कोल्हापुरातल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येतं. त्या वर्षी दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर 'गुप्तहेर गुळवे' नावाची सहा भागांची मालिका सुरू झाली. जुन्या रहस्यकथांची खेळकर थट्टा, असं पेपरात आलं होतं. ते वाचल्यापासून मी दिवस मोजत होतो. तीस वर्षं मी रहस्यकथा वाचत आलोय. खुनी कोण ते मला साधारण सत्तराव्या पानावर कळतं, आणि शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, मी ते लगेच सांगतो. तिनं विचारलेलं नसतं, तरी सांगतो.

पहिला भाग लागला. महाबळेश्वरचा बंगला, बाहेर धुकं, आत एका श्रीमंत म्हाताऱ्याचा खून, मृत्युपत्र गायब आणि दिवाणखान्यात जमलेले सात संशयित. मांडणी अगदी अस्सल होती. मी पाय वर घेऊन बसलो. मग गुळवे आले. त्यांनी पाइप उलटा तोंडात धरला आणि हशा झाला, तोही टीव्हीच्या आतल्या लोकांचा. मग त्यांची खोटी मिशी चहात पडली. दुसऱ्या भागात मिशी पुन्हा पडली. तिसऱ्यात दोनदा पडली. चौथ्या भागात ती कुत्र्यानं पळवली आणि अर्धा तास सगळे कुत्र्यामागं धावले. खुनाचा विषयच निघाला नाही. म्हातारा बिचारा गालिच्यावर तसाच पडून होता.

शालन हसली. दोनदा हसली, मी मोजलं. मी का हसत नाही असं तिनं विचारलं, तेव्हा मी तिला अर्धा तास समजावून सांगितलं की थट्टेला माझी हरकत नाही, पण ज्याची थट्टा करायची त्याच्यावर आधी जीव पाहिजे. ह्या माणसानं आयुष्यात एक रहस्यकथा धड वाचलेली नाही. ती म्हणाली, तुम्ही फार आशा लावून बसला होता, एवढंच. मग ती भाकरी टाकायला गेली.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. अडचण एकच होती. मालिकेचे लेखक आणि दिग्दर्शक उल्हास खर्डेकर हे आमच्या इंगवले साहेबांचे सख्खे मेव्हणे. दर गुरुवारी सकाळी साहेब एकेकाला केबिनमध्ये बोलावून कालचा भाग कसा वाटला ते विचारायचे. सगळे सांगायचे, मिशी फार आवडली. शिपायापासून ओव्हरसियरपर्यंत सगळी कचेरी मिशीवर वेळ मारून नेत होती. मीही. साहेबांसमोर उभा राहून मी चार गुरुवार हसलो. तेच मला जास्त लागलं होतं, असं आता वाटतं.

चौथ्या भागानंतर मला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत टायपिस्ट मेहमुदाबाई शिकलगार डबा खायला गेल्या, तेव्हा त्यांच्या मशीनवर बसून मी गावातल्या एका दैनिकाच्या संपादकाला पत्र टाईप केलं. खाली 'एक रहस्यप्रेमी' असं लिहिलं. हस्ताक्षर नको म्हणून पाकीटही टाईप केलं. आमच्या पेठेतलं पोस्ट नको म्हणून पार स्टेशनाजवळच्या पेटीत टाकून आलो. कुठलाही धागा मागं राहू नये याची मी जी काळजी घेतली तिचं मला फार कौतुक वाटत होतं.

शनिवारी पत्र छापून आलं. आमच्या शेजारी केरबाची पिठाची गिरणी. त्यानं ते गिरणी बंद करून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "सदर मालिकेतील सदर गुप्तहेर श्री. गुळवे यांची मिशी ही एकदा पडणे समजण्यासारखे आहे. तथापि..." असं ते पत्र होतं. केरबा म्हणाला, लिवलंय कुणी ते कळत न्हाय, पर गडी तिखट हाय. मला छाती आत ठेवणं जड गेलं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. एवढा एकच माणूस, आणि तोही भरवशाचा.

सोमवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझं पत्र होतं. छापलेलं नव्हे, मूळ. संपादक आणि साहेब रोज सकाळी रंकाळ्यावर बरोबर फिरायचे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांच्या हातात नकाशे बघायचं भिंग होतं. त्यांनी ते मला दिलं आणि 'गुळवे' हा शब्द बघा म्हणाले. मी बघितला. त्यातला ळ ओळीतून वर उडाला होता. पत्रात गुळवे सोळा वेळा आले होते, आणि सोळाही वेळा ळ तसाच, शेजारच्या अक्षरांशी भांडून माडीवर जाऊन बसल्यासारखा. प्रत्येक टाईपरायटरला स्वतःची खोड असते आणि त्यावरून तो ओळखता येतो, हे मी किमान चाळीस पुस्तकांत वाचलेलं आहे. ते मला त्या दिवशी, भिंग डोळ्याला लावून उभा असताना आठवलं.

साहेब म्हणाले, भाषा बघा कोगेकर. सदर, तथापि. हे कुठल्यातरी कचेरीतलं काम आहे, आणि मला वास येतो की आपल्याच. घरी वहिनीसाहेबांनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं, दोन दिवस अन्न घेतलेलं नव्हतं. मेव्हणे पुढच्या बुधवारी कोल्हापूरला येणार होते, कचेरीत त्यांचा सत्कार ठरला होता. त्याच्या आत माणूस सापडला पाहिजे.

"तुम्ही रहस्यकथा वाचता ना? हा तपास तुमच्याकडे," साहेब म्हणाले.

कचेरीत चार मराठी मशीन होती. प्रत्येकावर एकच मजकूर टाईप करून नमुने घ्यायचे आणि दोन दिवसांत सादर करायचे, असा हुकूम झाला. मी बाहेर आलो आणि जागेवर बसलो. समोर मेहमुदाबाई पन्हाळा तालुक्याचं एक लांबलचक पत्र टाईप करत होत्या. पन्हाळ्याच्या प्रत्येक ळला मशीन खट्ट करून वर उडत होतं. सात वर्षं मी त्या खोलीत बसत होतो, पण हा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

संध्याकाळी मी केरबाचा सल्ला घेतला. तो म्हणाला, मशीनच मोडून टाका की. ते जमण्यासारखं नव्हतं. मग तो म्हणाला, दुरुस्त करून घ्या. ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचा फॉर्म काढला. त्यात पहिलाच रकाना होता 'दोषाचे स्वरूप' आणि दुसरा 'दोष प्रथम कोणाच्या निदर्शनास आला'. तिसऱ्यात अर्जदाराची सही. म्हणजे 'ळ हे अक्षर वर उडते' असं लिहून खाली सही करायची. इतका संपूर्ण कबुलीजबाब पोलिसांनाही मिळत नाही. शिवाय वर तीन ठिकाणची दरपत्रकं. मी फॉर्म पुन्हा कपाटात ठेवला.

आमच्या कचेरीची मशीनं तेलपाण्याला गौस मिस्त्रींकडे असायची. मी त्यांना निरोप पाठवला, सुट्टीत या आणि फॉर्मबिर्म काही नको. ते आले, मशीन उलटं केलं, दहा मिनिटांत ळचा दांडा वाकवून सरळ केला. मी दाराशी उभा राहून येणारे जाणारे बघत होतो. काम झाल्यावर मिस्त्री हात पुसत व्हरांड्यात आले. रोज लेथच्या आवाजात काम करणारा माणूस, त्याला हळू बोलणं ठाऊक नाही.

"कोगेकर साहेब, बसला बघा तुमचा ळ," ते म्हणाले.

हे आवारातल्या सायकल स्टँडपर्यंत ऐकू गेलं असावं. एवढ्यावर भागलं नाही. मिस्त्री नियमाचा माणूस. प्रत्येक मशीनला एक वही बांधलेली असते, तिच्यात त्यांनी तारीख घालून 'ळ सरळ केला' अशी नोंद करून ठेवली होती. ती मला दिसली नाही. मी नमुन्यांच्या आनंदात होतो. चारी मशीनचे चारी ळ परेडला उभे राहिल्यासारखे एका रेषेत.

साहेबांनी नमुने बघितले. मग त्यांनी पन्हाळ्याची जुनी फाईल मागवली. मग मशीनच्या वह्या मागवल्या. मी समोर उभा होतो. त्यांचं बोट त्या नोंदीवर जाऊन थांबलं.

"मिस्त्रीला कुणी बोलावलं?"

"मी, साहेब," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"तुम्हीच बोलावणार, दुरुस्त्या तुमच्याकडे असतात. पण तक्रार कुणाची? मशीन ज्याचं त्याचीच."

इथं मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं असतं तर सगळी गोष्ट तिथंच संपली असती. मी गप्प बसलो. खोटं असं मी एक अक्षर बोललो नाही, नुसता गप्प बसलो. त्या दिवसापासून मला ठाऊक झालंय की तेवढ्यानं पुरेसं काम होतं.

साहेबांनी मेहमुदाबाईंना बोलावलं आणि हे पत्र तुम्ही टाईप केलं का म्हणून विचारलं. त्या न्हाई म्हणाल्या. साहेबांनी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा न्हाई म्हणून सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. साहेबांना तोच पुरावा वाटला. निर्दोष माणूस एवढा शांत नसतो, म्हणाले.

चंदगडला आमची एक उपकचेरी होती. चंदगड म्हणजे जिल्ह्याचं पार टोक. पावसाळ्यात कपडे म्हणून वाळत नाहीत आणि एसटी वेळेवर आली तर लोक ड्रायव्हरला चहा पाजतात. मेहमुदाबाईंचे यजमान उद्यमनगरात फौंड्रीत कामाला, सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगी दहावीला. साहेबांनी बदलीचा आदेश काढायला सांगितला आणि टायपिस्ट म्हणून तो त्यांच्याच टेबलावर गेला. स्वतःच्या बदलीचा आदेश त्यांनी स्वतः टाईप केला. चार प्रती, एकही खाडाखोड नाही. सत्कारापूर्वी कचेरीत कटकट नको म्हणून साहेब त्यावर गुरुवारी सही करणार होते. तोवर तो सह्यांच्या फाईलमध्ये ठेवायचा होता, आणि ती फाईल माझ्या टेबलावर असायची.

त्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते सांगवत नाही. दर अर्ध्या तासानं मी ती फाईल उघडून आदेश आहे का बघायचो. असायचा. केरबा म्हणाला, गप्प ऱ्हावा, ईल तसं ईल, तुमच्यावर कुणाचा सवंशय हाय का? संशय नव्हता, तेच तर. मधल्या बुधवारी पाचवा भाग लागला, तो मी बघितला, पण काय झालं आठवत नाही. मिशी पडली असणार. सत्काराचं मानपत्रही मलाच लिहायचं होतं. 'आपल्या तल्लख विनोदबुद्धीने' हे शब्द लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

मंगळवारी जेवताना मी शालनला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "चंदगडला पाऊस फार पडतो म्हणे." मग आमटी वाढली आणि आत गेली.

बुधवारी मी अर्धा तास लवकर कचेरीत गेलो. मेहमुदाबाई आधीच आल्या होत्या, मशीनवरचं झाकण काढत होत्या. मी त्यांच्या टेबलाशी उभा राहिलो. कसं बोलावं ते पाठ करून आलो होतो, पण त्यांनीच खुर्ची सरकवली आणि बसा म्हणाल्या.

"मला ठाऊक हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "पत्रात 'तथापि' चारदा हाय. ह्या कचेरीत तुमच्याशिवाय तो शब्द कोण वापरतंय? सात वर्षं तुमचीच ड्राफ्ट टाईप करत्ये की मी."

मी विचारलं, मग साहेबांना का सांगितलं नाही.

"त्यांनी मला एवढंच विचारलं, की तुम्ही टाईप केलं का. कुणी केलं ते विचारलंच न्हाई." त्यांनी मशीनमध्ये कागद घातला आणि सरळ केला. "आणि म्हटलं, तुम्ही स्वतः सांगाल. म्हणून वाट बघितली."

तीस वर्षांच्या वाचनाला जे जमलं नाही ते ह्या बाईंनी एका 'तथापि'वरून पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मला त्या वेळी शरमेपुढं दुसरं काही सुचत नव्हतं. मी उठलो आणि तडक केबिनचा दरवाजा ढकलला.

आत साहेब एकटे नव्हते. सकाळच्या गाडीनं मेव्हणे येऊन पोचले होते. उल्हास खर्डेकर म्हणजे चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला, बारीक माणूस. चहाचा कप हातात धरून खिडकीतून बाहेर बघत होता. मला वाटलं, परत फिरावं. पण पाय आत आले होते.

"साहेब, ते पत्र मी लिहिलं," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडं फार मायेनं बघितलं. मग मेव्हण्यांना म्हणाले की हे आमचे कोगेकर, हाताखालच्या माणसांसाठी जीव टाकतात. आणि मला म्हणाले की तपासात भावनेला जागा नसते.

आता मला माझा गुन्हा शाबीत करायची वेळ आली. मी म्हणालो, माझा शेजारी केरबा साक्षीला आहे. साहेब म्हणाले, शेजारी काय, तुम्ही सांगाल ते बोलेल. कच्चा मजकूर दाखवा म्हणाले. तो मी स्वतः बंबात जाळला होता. मिस्त्रींना मी माझ्याच मनानं बोलावलं, असं सांगितलं, तर तक्रार तुमचीच याला लेखी काय आहे, असं त्यांनी विचारलं. तो फॉर्म भरला असता तर त्या दिवशी माझ्या कामाला आला असता. धागा मागं राहू नये म्हणून मी जे जे केलं होतं ते सगळं एकत्र येऊन माझ्याविरुद्ध, म्हणजे माझ्या बाजूनं, उभं राहिलं.

"आणि हेतू?" साहेब म्हणाले. "दर गुरुवारी ह्याच जागी उभं राहून तुम्ही हसत होता. मी बघितलंय."

तेव्हा खर्डेकर खिडकीतून वळले. पाहुण्यानं विचारावं तसं, सहज, त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला मालिका आवडली ना?"

"न्हाई," मी म्हणालो.

आणि मग माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. मी म्हणालो, दुसऱ्या भागात खोली आतून बंद होती म्हणता आणि कडी दाखवता बाहेरून. तिसऱ्या भागात झटापटीत फुटलेलं घड्याळ पुढच्याच प्रसंगात भिंतीवर टिकटिक करतंय. डॉक्टर म्हणतो खून पहाटे झाला, आणि स्वयंपाकी म्हणतो सकाळी नऊ वाजता मालकांनी पोहे परत मागवले, आणि खोलीतल्या सात माणसांना त्यात काही वावगं वाटत नाही. मृत्युपत्राचं नाव पहिल्या भागानंतर कुणी काढलेलं नाही. लोकांना हसवायचं तर हसवा, पण तो म्हातारा मेलाय हो, एकदा तरी कुणी त्याच्याकडं बघा. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. मिशीबद्दल बराच वेळ बोललो असावा. थांबलो तेव्हा शिपाई दारात उभा होता आणि साहेबांचं तोंड उघडं राहिलं होतं.

खर्डेकरांनी कप खाली ठेवला.

"कडी माझ्या लक्षात आली नव्हती," ते म्हणाले. "घड्याळाचं आलं होतं. पण सेट त्याच दिवशी मोडायचा होता." मग ते साहेबांकडं वळून म्हणाले, "दाजी, पत्र ह्यांचंच आहे. त्या बाईंना सोडा."

साहेबांनी माझ्या टेबलावरची सह्यांची फाईल मागवली आणि आदेश काढून फाडला. चारही प्रती, एकेक करून. मग नव्या आदेशासाठी माझं नाव एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ती शिपायाकडं दिली.

दुपारी चार वाजता सत्कार झाला. मानपत्र वाचायला ऐनवेळी दुसरा माणूस कुठला, ते मीच वाचलं. 'तल्लख विनोदबुद्धी'पाशी माझा आवाज बसला आणि लोकांना वाटलं भरून आला. खर्डेकरांनी नारळ घेतला, दोन वाक्यांत आभार मानले. निघताना गर्दीत ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आज शेवटचा भाग आहे. बघू नका."

मी बघितला नाही. शालननं बघितला. खुनी कोण निघाला ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी साहेबांनी आदेशावर सही केली. वाचायच्या मनःस्थितीत ते नव्हते. प्रती पुण्याला वरिष्ठ कार्यालयात, चंदगडला आणि कोषागारात रवाना झाल्या, आणि माझी प्रत मेहमुदाबाईंनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी चष्मा लावला. 'श्री. दिनकर रा. कोरगावकर, हेडक्लार्क, यांची चंदगड येथे तात्काळ बदली करण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही, गोल शिक्का.

सात वर्षांत त्या बाईंच्या टायपिंगमध्ये मला चूक सापडली नव्हती. मी सवयीनं लाल पेन्सिल उचलली. 'कोगेकर' असं दुरुस्त करून फाईल आत न्यायला मी खुर्चीतून उठलोसुद्धा.

मेहमुदाबाई टाईप करता करता थांबल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सगळ्या चुका काढायलाच पाहिजेत का, साहेब?"

मी उभा होतो तो बसलो. पेन्सिल खणात टाकली. मग पेन घेऊन माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात आदेशाखाली शेरा लिहिला, की सदर नावाचा कर्मचारी या कार्यालयात कार्यरत नाही, सबब आदेश परत. आणि आवक-जावकला पाठवून दिला.

दोन महिन्यांनी चंदगडहून पत्र आलं, की श्री. कोरगावकर अद्याप हजर झालेले नाहीत. पुण्याहून विचारणा आली, की हे कोरगावकर कोण. शुद्धिपत्रक काढायचं तर आपण न वाचता सही केली हे साहेबांना लेखी द्यावं लागलं असतं, तेव्हा असं पत्र आलं की साहेब ते फाईलच्या तळाशी ठेवायचे. जूनमध्ये साहेबांचीच बदली झाली. मी त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो. मेहमुदाबाईंची मुलगी पहिल्या वर्गात पास झाली, तिचे पेढे मी खाल्ले.

कोरगावकर मात्र चंदगडला अजून हजर झालेले नाहीत.